पत्र्याखाली साऊंडबार

"काय करूलालाव, अक्का?"

"गहू निवडायलेय. ये भिंतीपाशी. काल राती तुमच्याकडं काय वाजत हुतं गं? आमच्या मांडणीवरचे डबे थरथरले."

"तेच सांगाय आले. ह्यांच्या दोस्तानं साऊंडबार दिलाय, चार दिस ऐकून बघा म्हणला. टीव्हीखाली लांब पट्टी, आन् कोपऱ्यात सबवूफरचा डबा. नुसतं धाड धाड! सासूबाई उठून अंगणात. भांडं वाजलं की आधी दार उघडतात, मग इचारतात."

"किल्लारीच्या भूकंपाची पहाट बघितलेलं माणूस ते. ३० सप्टेंबर १९९३. त्याच भ्यानं माळवद पाडून पत्रे टाकले की आपण. आन् पत्र्याखाली असला ठोका? पत्रा बी संगं वाजणारच. पण तुमी ऐकता काय?"

"पिक्चर हेच बघतात, कवातरी. मला सकाळी भीमसेन जोशींचे अभंग लागतात, सासूबाईंला भजन."

"मग बार कशाला? आताच्या टीव्ही पातळ, त्यांचे स्पीकर इवलुशे, बोललेलं कळत न्हाई, म्हणून ती पट्टी निघाली. माझा भाचा लातूरला दुकानात हाय, तो सांगतो, एचडीएमआय एआरसीला वायर लावली की टीव्हीच्याच रिमोटवर आवाज कमी-जास्त हुतो, ओठ आन् शब्द जुळतात. ब्लूटूथवर आवाज जरा मागं राहतो. अभंगाला कुटं ओठ बघायचेत?"

"पण हे म्हणतात, बारवर बी गाणी वाजतात."

"वाजतात की. पण डावं-उजवं दोन्ही एका हातभर पट्टीत. पेटी हिकडं, पखवाज तिकडं, असं कानाला येत न्हाई, समदं एका जागी गोळा. त्यात सिनेमाचा मोड चालू राहिला की भीमसेनजी विहिरीतून गायल्यावानी. म्युझिक मोड लावला का?"

"असं काय असतं, कुणी सांगितलंच न्हाई!"

"आधी ते बटण दाब. सबवूफरचा आवाज कमी कर आन् त्याला कोपऱ्यातनं बाहेर ओढ. कोपऱ्यात तो जास्तच घुमतो."

"त्यापेक्षा ब्लूटूथचा स्पीकरच घ्यावा म्हणते."

"घे, पण सारखे दोन. एकट्या लहान डब्यात डावं-उजवं नसल्यातच जमा. दोन एकमेकांला जोडता येतात का, ते इचारून घे. सोप्यात सहा-सात फुटांवर ठेव, मग बघ टाळ कुटून येतो ते. बॅटरीवर चालतात, लाईट गेली तरी अभंग चालू. बार मातर मुका."

"लाईटीचं तर बोलूच नका! पण फोन माजघरात आन् स्पीकर अंगणात, चालंल?"

"दहा मीटर म्हणतात, पण मधी आपल्या दगडी भिंती. तुटत तुटत येतंय. फोन जवळच ठेव."

"आन् खोक्यावर हजार-हजार वॅट लिवलेलं असतंय, ते?"

"पीएमपीओ लिवलं असंल तर तो आकडा बघूच नको. आरएमएस, म्हंजे खरे वॅट, किती ते इचार. आपल्या सोप्याला वीसएक वॅट रग्गड."

"मग ह्यांला काय सांगू?"

"बार दोस्ताला परत करा म्हणाव. रोज पिक्चर बघणाऱ्याच्या घरी तो शोभंल, तुमच्याकडं न्हाई. आन् दुकानात गेलीस की त्यांनी लावलेल्या डीजेच्या गाण्यावर भुलू नको. आपला अभंग फोनात घेऊन जा, तोच लावाय सांग, आन् दोन्ही स्पीकर वाजवून घेतल्याबगर पैसे देऊ नको."