पोट्ट्यानं फिलॉसॉफी घेतली

कारंज्यात एका घरी सध्या सुतक असल्यासारखं वातावरण आहे. गेलं कोणीच नाही. थोरल्या पोट्ट्यानं बी.ए.ला मुख्य विषय म्हणून तत्त्वज्ञान घेतलं, एवढंच. शेजारीपाजारी भेटायला येतात, चहा घेतात आणि आवाज खाली करून विचारतात, "अजून बदलता येते ना जी?"

गावाला तत्त्वज्ञानाचं वावडं आहे, असं मात्र कोणी म्हणू नये. इथं ते फुकट मिळतं; म्हणून तर फी भरून शिकणारा वेडा ठरतो. नृसिंह सरस्वतींचं हे जन्मगाव. गुरुचरित्रानुसार बाळ ॐकार म्हणतच जन्मलं आणि मुंजीपर्यंत दुसरा शब्द बोललं नाही. आईबापांना घोर लागला. मुंजीत बाळानं वेद म्हटले आणि पुढं काशीची वाट धरली. पारायणात हा अध्याय आला की आपले डोळे भरून येतात. घरचा पोट्टा तत्त्वज्ञान शिकायला पुण्याला निघाला, की तेच डोळे वटारले जातात आणि मामाला फोन जातो, "याले समजावून सांगा बावा."

जैन मंदिरांतल्या पोथ्यांचंही तसंच. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्रा. हिरालाल जैन इथल्या भांडारांतली हस्तलिखितं चाळत बसत. पुष्पदंत कवीचं 'णायकुमारचरिउ' त्यांनी संपादित केलं आणि १९३३मध्ये ते कारंज्याच्या देवेंद्रकीर्ती जैन ग्रंथमालेत छापूनही आलं. त्यांनाही कोणी तरी नक्कीच विचारलं असेल, यात क्विंटलमागं सुटते किती?

खरं तर जैनांचा स्याद्वाद शिकायला कारंजेकरांना कॉलेजची गरजच नाही. आपली शकुंतला रेल्वे आहे का? ती सुरू करा म्हणणाऱ्या निवेदनात आहे. वेळापत्रकात नाही. म्हणजे आहेही आणि नाहीही. आमदार-खासदारांना विचारलं तर अवक्तव्य. स्याद्वादाच्या सात भंगांपैकी चार इथंच झाले. उरलेले तीन निवडणुकीसाठी राखून ठेवलेत.

प्रमाणशास्त्राची प्रयोगशाळा बाजार समितीत आहे. पोट्ट्याचा बाप सोयाबीन घेऊन गेला. घरून मशीननं मोजून आणलेली ओल बारा टक्के. व्यापाऱ्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, चार दाणे दाताखाली फोडले आणि म्हणाला, "चौदा."

"मशीन बारा दाखोते ना जी."

"मशीन घेते का तुहा माल?"

प्रत्यक्ष, अनुमान सगळं आडवं झालं; शब्दप्रमाण तेवढं उरलं आणि त्याच भावात माल गेला. ज्ञान खरं कशावरून मानायचं, हा प्रश्न पोट्टा आता तीन वर्षं फी भरून शिकणार, तर बापाच्या मते तो बिनकामाचा!

"पुढं काय?" हा प्रश्नही फक्त याच विषयाला विचारला जातो. शेजारचा इंजिनियर चार वर्षं शिकून दोन वर्षं घरीच आहे. त्याला विचारत नाहीत. विचारलं तर त्याच्या वडिलांना वाईट वाटतं. सरकारनं तर नव्या शैक्षणिक धोरणात भारतीय ज्ञान प्रणाली सगळ्यांनाच सक्तीची केली. षड्दर्शनांचं नाव आता बी.कॉम.वाल्याच्याही कानावर पडणार. शिकवणारे सर तेवढे तासिका तत्त्वावर.

अमळनेरला १९१६मध्ये प्रतापशेठ नावाच्या गिरणीमालकानं स्वतःच्या पैशानं तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. साने गुरुजी तिथं शिकले. आजच्या शेठजींना असली अवदसा आठवत नाही. ते स्पर्धा परीक्षेच्या क्लासला गाळा भाड्यानं देतात.

पण त्या क्लासनंच घर वाचवलं म्हणायचं. गेल्या आठवड्यात तिथल्या सरांनी बापाला सांगितलं, की यूपीएससीला तत्त्वज्ञान वैकल्पिक विषय घेता येतो, दोन पेपर, पाचशे मार्क, अभ्यासक्रमही आटोपशीर.

"मंग हे पोट्ट्यानं अगोदर काऊन नाही सांगतलं?"

पोट्ट्यानं सांगितलं होतं म्हणे, की आपल्याला कलेक्टर व्हायचं नाही, नुसतं समजून घ्यायचं आहे. ते वाक्य घरच्यांनी मिटवून टाकलं. आता बायोडाट्यावर 'यूपीएससीची तयारी सुरू' असं छापलंय आणि मानोऱ्याचं एक स्थळ सांगूनही आलंय.