भाऊंची वाफ

महाडच्या एसटी स्टँडाबाहेर चहाला थांबलात आणि मागून "काय ॲव्हरेज देते?" असा प्रश्न आला, तर खरं उत्तर देऊ नका. मी एकदा "पंचेचाळीस" म्हणून गेलो आणि दुपारचं जेवण साडेतीनला जेवलो.

प्रश्न विचारणारे ते भाऊ. असा एक भाऊ प्रत्येक तालुक्याला असतोच. पण आमच्याकडे एका अंगाला कशेडी, दुसऱ्याला आंबेनळी, तिसऱ्याला वरंधा. पेट्रोल जाळायला आणि त्याबद्दल हळहळायला जागा मुबलक, त्यामुळे आमचे भाऊ जरा वरच्या प्रतीचे. साठीचे, सडसडीत. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्पार्क प्लग. खांद्यावर हात पुसायचं फडकं, ते हातापेक्षा काळं. गाड्या मात्र उत्तम दुरुस्त करतात, फक्त दुरुस्त झाली की तिथेच थांबत नाहीत.

"पंचेचाळीस?" भाऊ माझ्याकडे नातेवाइकानं जमीन फुकट घालवल्यासारखं बघत राहिले. "सर, घरी पंपाचा स्टोव्ह होता ना?"

होता. कुणाच्या घरी नव्हता? भाऊंनी मग टपरीवरच तो पेटवला, म्हणजे हातवारे करून. रॉकेलात भिजवलेला काकडा बर्नरखाली लावायचा, बर्नर तापेपर्यंत दम धरायचा. घाई करून पंप मारला तर पिवळा भडका आणि आढ्यापर्यंत काजळी. दम धरला तर निळी ज्योत आणि तो फर्रर्र आवाज. आवाजही त्यांनी तोंडानं काढून दाखवला, तेव्हा शेजारचं कुत्रं उठून गेलं.

"पिवळं म्हणजे रॉकेल, निळं म्हणजे वाफ. आता तुमच्या गाडीत काय जातं? थेंब! आणि सायलेन्सर बघा, हात लावून बघा..." मी लावला नाही. "एवढी उष्णता मागच्या मागे फुकट. तीच पेट्रोलला दिली, वाफ केली आणि मग इंजिनात सोडली तर?"

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे माझी पंचाईत झाली, कारण यात चुकीचं काही नव्हतं. पेट्रोमॅक्सची बत्ती अशीच जळायची. आपल्याच ज्योतीवर तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि मेंटल पांढरंशुभ्र पेटतं. 1917 सालापासून निघालेला फोर्डसन ट्रॅक्टर पेट्रोलवर सुरू व्हायचा आणि तापला की रॉकेलवर घ्यायचे. ते रॉकेल एक्झॉस्टच्याच उष्णतेनं वाफाळायचं. पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर टाकायचे पंप आपल्याकडच्या शेतकऱ्यांनीही वापरले आहेत. रॉकेल सहजासहजी उडत नाही, त्याला तापवावंच लागतं.

घोडं अडतं ते हिशोबात. पेट्रोल मुळातच उडून जायला टपलेलं असतं. ते तापल्या इंजिनात शिरेपर्यंत बरंचसं वाफच झालेलं असतं आणि बऱ्या अवस्थेतल्या इंजिनात जवळजवळ सगळं जळतं. एक किलो पेट्रोल जाळलं तर साधारण 44 मेगाज्यूल ऊर्जा मिळते. त्याची वाफ करायला लागतात 0.35 च्या आसपास. म्हणजे शंभर रुपयांच्या पेट्रोलमागे वाफेचा खर्च ऐंशी पैसे. भाऊ जिवाचं रान करतात ते या ऐंशी पैशांसाठी. धुराड्यातून शंभरातले तिसेक रुपये उष्णता होऊन जातात हे खरंच, पण पेट्रोल तापवून ते परत मिळत नाहीत. उलट तापलेली वाफ फुगते, सिलिंडरात कमी मावते, गाडी ओढत नाही आणि इंजिन ठोके मारायला लागतं.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं, बशीतला चहा संपवला आणि म्हणाले, "पुस्तकात असंच लिहिणार. पुस्तकं कोण छापतं?"

मग पोग आला. भाऊंच्या देव्हाऱ्यात चार्ल्स नेल्सन पोग नावाचा कॅनडातला गृहस्थ आहे. 1930 च्या दशकात विनिपेगमध्ये त्यानं वाफेच्या कार्बोरेटरची पेटंटं घेतली आणि एका गॅलनला 200 मैल असा डंका वाजला. तटस्थ माणसासमोर तो आकडा कधी सिद्ध झाला नाही. भाऊंचं म्हणणं, तेल कंपन्यांनी पेट्रोलमध्ये मुद्दाम शिसं घातलं, म्हणून वाफ बिघडली. मी म्हटलं, भाऊ, शिसं 1923 पासून घालत होते, पोगचं पहिलं पेटंट 1930 चं. आणि आपल्याकडे 2000 साली शिशाचं पेट्रोल बंद झालं, मग पोगचा कार्बोरेटर का नाही परत आला? "म्हणून तर आता इथेनॉल घालतात," भाऊ म्हणाले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बाजूला बसलेले एक निवृत्त टॅक्सीवाले काका इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "अरे, आम्ही आख्खा जन्म कशेडीत गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओली फडकी टाकली. का? तर नळीत वाफ होऊन गाडी बंद पडू नये म्हणून. आणि तू मुद्दाम वाफ करतोस?" भाऊंनी ही टीका अशिक्षितपणात काढली.

पुढच्या रविवारी प्रात्यक्षिक ठरलं. माझा नकार होता, पण बायकोनं "एकदा जाऊन या, म्हणजे सुटाल" असा व्यवहारी सल्ला दिला. भाऊंच्या जुन्या मोटारसायकलच्या सायलेन्सरला तांब्याच्या नळीचे नऊ वेढे, हँडलला टांगलेली सलाईनची बाटली, तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा. रुग्ण कोण, ते कळत नव्हतं. पोलादपूर सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला लागलो. पितळवाडीपर्यंत सगळं ठीक. मग चढ सुरू झाला, भाऊंनी वाफेचा कॉक फिरवला आणि शंभर पावलांवर गाडीनं उचकी दिली, दुसरी दिली, गप्प झाली. नळीत पेट्रोल उकळून बुडबुडे धरले होते आणि खाली कार्बोरेटर कोरडा. भाऊंनी कडेच्या ओहोळातून डब्यानं पाणी आणून सायलेन्सरवर ओतलं. चर्रर्र झालं, वाफ निघाली. त्या दिवशी मला दिसलेली भरघोस वाफ ती एवढीच.

"चढाला नाही चालत अजून," भाऊ म्हणाले. मग साध्या पेट्रोलवर वर गेलो आणि उतरताना मोजणी केली. अकरा किलोमीटर, पन्नास मिली. भाऊंनी तिथेच दगडावर खडूनं गणित मांडलं. लिटरला 220!

"पोगपेक्षा वीस जास्त!"

त्या अकरातले निदान नऊ किलोमीटर इंजिन बंद होतं, गाडी न्यूट्रलमध्ये होती आणि मी मागे जीव मुठीत धरून बसलो होतो, याची नोंद दगडावर झाली नाही. शिवाय पोगचे 200 होते मैल, तेही गॅलनला. ब्रिटिश गॅलन धरला तर लिटरला सत्तर किलोमीटर. पोगनं म्हणे हे मोटारीत साधलं होतं. पण तेवढं ॲव्हरेज आपल्याकडे शंभर सीसीची मोटारसायकल वाफेशिवाय देते, निदान जाहिरातीत.

"आणि तुम्ही नेहमी सांगता ते पहिलं मॉडेल, ज्यानं नव्वद दिलं होतं?" मी विचारलं.

"ते 21 च्या पुरात गेलं."

महाडात या उत्तराला उलट प्रश्न करता येत नाही. 22 जुलै 2021 ला गावात खरोखर सगळंच गेलं. माझी दहावीची मार्कशीटसुद्धा. त्यामुळे भाऊंचं नव्वदचं ॲव्हरेज आणि माझे गणितातले ब्याण्णव, दोन्ही एकाच पाण्यात वाहून गेले आणि दोघंही एकमेकांच्या आकड्याचा मान राखतो.

भाऊंना पैशाची हाव नाही. पेटंट का घेत नाही विचारलं तर म्हणतात, "पेटंट घेतलं की छापून येतं, मग कुणीही करील." आजवर कुणी केलेलं नाही, हे त्यांना खटकत नाही. खरं तर पेट्रोल वाचवणं हे निमित्त. वीस वर्षांत भाऊंनी प्रयोगांत जेवढं पेट्रोल उडवलं, त्यात आम्ही सगळे चार वेळा गोव्याला जाऊन आलो असतो. त्यांना लागतो तो ऐकणारा माणूस. तो मिळाला की भाऊ थेंबभर इंधनावर दिवसभर चालतात. तोंडाची वाफ म्हणतात ती त्यांच्याइतकी काटकसरीनं कुणालाच वापरता आलेली नाही.

पण 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 आलं, नव्या दुचाक्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन बसलं आणि भाऊंचं दुकान शांत झालं. परवा एका पोराची नवी गाडी त्यांच्यासमोर उभी होती. भाऊंनी सीट काढली, आत बराच वेळ पाहिलं आणि काहीही न बोलता सीट परत बसवली. मला ते बघवलं नाही.

तर कुणाच्या माळ्यावर जुना कार्बोरेटर पडून असेल तर भंगारात घालू नका, महाडला आलात की भाऊंना आणून द्या. मात्र देताना गाडी चालू ठेवा आणि ॲव्हरेज विचारलं तर सांगा, मीटर बंद आहे.