अडीचशेचं कुलूप

फोक्सवॅगनची गोल्फ आर ताशी २५० किलोमीटरला अडते, हे कळल्यापासून लेखकमहाशय अस्वस्थ आहेत. गाडी त्यांची नाही. ती भाच्याची आहे, श्टुटगार्टजवळ असते आणि तिच्या हप्त्यांशी त्यांचा काडीचा संबंध नाही. पुण्यात त्यांच्याकडे जी गाडी आहे ती ऐंशी ओलांडले की पीं पीं करते, आणि पाठोपाठ मागच्या सीटवरून ‘अहो!’ अशी हाक येते. तरीही इंजिनात दम असताना कंपनीनं सॉफ्टवेअरनं त्याचा गळा धरावा, हा त्यांना सबंध कोथरूडचा अपमान वाटतो. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवताना त्यांनी आजवर कधी मागेपुढे पाहिलेलं नाही.

त्यांचा युक्तिवाद साधा आहे. दिसायला चारचौघींसारखी, पाच दारांची, डिकीत आठवड्याची भाजी मावेल अशी गाडी. पोटात मात्र दोन लिटरचं टर्बो इंजिन, ३३३ अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद. शून्यापासून शंभरावर जायला ४.६ सेकंद. एवढं सगळं द्यायचं आणि ऐन रंगात आल्यावर ‘पुरे’ म्हणायचं? ‘हे कुलूप काढ,’ असं त्यांनी भाच्याला बजावलं. भाचा म्हणाला, ‘मामा, तू पट्टा लाव आधी.’

हे अडीचशे आले कुठून, तर भीतीतून. १९७३ च्या तेलटंचाईत पश्चिम जर्मनीनं ऑटोबानवर १०० ची मर्यादा घातली. मोटारवाल्यांनी असं रान उठवलं, की काही महिन्यांत ती गुंडाळली गेली आणि १३० हा नुसता सल्ला तेवढा उरला. ऐंशीच्या दशकात तिथली अरण्यं वाळायला लागली, १९८३ मध्ये ग्रीन पक्षाची मंडळी संसदेत जाऊन बसली, आणि मर्यादेची मागणी पुन्हा जोर धरू लागली. मोठ्या कंपन्यांनी ओळखलं, की सरकारनं लगाम घालायच्या आत आपणच घातलेला बरा. आकडा ठरला २५०. १९८७ साली आलेली बीएमडब्ल्यूची बारा सिलिंडरची ७५० ही या बंधनात राहणाऱ्या पहिल्या गाड्यांपैकी एक. ज्या देशात कचऱ्याच्या डब्यांनासुद्धा कायदा आहे, तिथं हा सगळा मामला तोंडी. पोर्शे तर या पंगतीला बसलीच नाही.

मग गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. शब्द मोडायचा नाही आणि गिऱ्हाईकही घालवायचं नाही, यावर जर्मनांनी काढलेला तोडगा पाहून लक्ष्मी रोडच्या दुकानदारानंही कान पकडावेत. बीएमडब्ल्यू आपल्या एम गाड्यांचं कुलूप काढून देते, पण जादा पैसे घेऊन, आणि वर एक दिवस गाडी चालवायचं शिक्षणही देते. ऑडीच्या आरएस ३ या हॅचबॅकला २५० मूळ किमतीत, वरचे पैसे मोजले तर २८०, आणि सिरॅमिक ब्रेकसकट सगळं घेतलं तर २९०. गोल्फ आरला ‘परफॉर्मन्स पॅकेज’ घेतलं की २७०. सोबत मागच्या काचेवर मोठा स्पॉइलर, म्हणजे शेजाऱ्यालाही कळावं. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची, किल्लीचे पैसे वेगळे.

भाच्यानं ते पॅकेज घेतलेलं नव्हतं. लेखकमहाशयांनी त्याबद्दल त्याची यथास्थित कानउघाडणी केली.

रविवारी सकाळी ट्रकना बंदी असते, म्हणून ए-८१ वर रविवार गाठला. मर्यादा संपल्याची पांढरी पाटी, तिच्यावर तिरप्या काळ्या रेघा. ती दिसली आणि भाच्यानं पाय दाबला. दोनशेपर्यंत लेखकमहाशय बोलत होते. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की आपला उजवा पाय जिथं ब्रेक नाही तिथं ब्रेक दाबतो आहे. दोनशे तीस. रस्त्याकडेचे खांब कुंपण होऊन गेले. आणि मग ज्याच्यासाठी एवढा अट्टहास होता ते कुलूप लागलं. धक्का नाही, आवाज नाही, दिवा नाही. जुन्या गाड्यांत म्हणे पेट्रोलच तोडत, त्यामुळे गचके बसत. आता संगणक चाकांचा वेग बघून थ्रॉटल हलकेच मिटतो. इंजिन तेच गात राहतं, फक्त पाठीवरचा रेटा नाहीसा होतो. लेखकमहाशयांना त्या क्षणी जे वाटलं त्याला त्यांनी नंतर ‘निराशा’ असं नाव दिलं. त्यांचा चेहरा आरशात पाहिलेल्या भाचेसुनेनं दुसरं नाव दिलं.

फोटोत मीटरवर २५६ दिसतात. ते ताबडतोब सोसायटीच्या ग्रुपवर गेले. खुलासा असा, की युरोपातला मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, जास्त दाखवायला मात्र नियमाची मुभा आहे. म्हणजे वरचे सहा हे मीटरनं मामांना दिलेले. हा खुलासा ग्रुपवर गेला नाही.

आता गाडी घेताना पॅकेज न घेतलेल्यांसाठी दुसरा दरवाजा असतो, तो ट्यूनरचा. लॅपटॉप जोडायचा, इंजिनच्या संगणकातला एक आकडा बदलायचा, झालं. नव्या गाड्यांत तो संगणक बऱ्याचदा बाहेर काढून टेबलावर उघडावा लागतो, एवढाच काय तो व्याप. पण पुढचं ऐका. गाडी कंपनीच्या वर्कशॉपला जोडली, की बदललेलं सॉफ्टवेअर ओळखलं जातं आणि तिच्या नावापुढे ‘टीडी १’ असा शिक्का कायमचा बसतो; इंजिनची वॉरंटी गेली. जर्मनीतल्या गाडीच्या कागदावर ‘टी’ नावाचा एक रकाना असतो, त्यात कमाल वेग लिहिलेला असतो. तो बदलला तर तपासणी करून कागदावर चढवून घ्यायचा, नाहीतर गाडीचा परवाना आणि विमा दोन्ही धोक्यात. वर १९९२ चा तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा निकाल: १३० च्या पुढे असताना अपघात झाला, तर चूक दुसऱ्याची असली तरी नुकसानीचा काही वाटा तुमच्या गळ्यात येऊ शकतो.

आणि हे सगळं कशासाठी, तर वीस किलोमीटरसाठी. वेग आठ टक्के वाढतो, पण वारा कापायला लागणारी ताकद घनानं वाढते, म्हणजे सव्वापट. तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये थांबण्याचं अंतर काढायचं एक सूत्र पाठ करून घेतात. त्यानं २५० ला साधारण ७०० मीटर येतात आणि २७० ला ८१०. उलट शंभर किलोमीटर अंतर २५० नं कापायला २४ मिनिटं लागतात, २७० नं सव्वाबावीस. वाचली पावणेदोन मिनिटं. एवढ्या वेळात लेखकमहाशयांचा एक बूट पायात जात नाही.

पण खरी गंमत त्या गाडीत निराळीच आहे. अडीचशेपर्यंत धावणारी ही गाडी भाच्याच्या गल्लीत तीसच्या पाटीवरून जरा वर सरकली, की टिंग करते. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला वेगाची पाटी ओळखून सूचना द्यायची सक्ती आहे. ती बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की तीही पुन्हा सुरू. त्यामुळे भाचा रोज सकाळी आधी पट्टा लावतो, मग ती टिंग बंद करतो, मग आरसा बघतो. सोवळं नेसण्याइतकं हे अंगवळणी पडलं आहे.

या टिंगवरून लेखकमहाशयांची गाडी जी सुटली ती जपानात जाऊन थांबली. सत्तरच्या दशकात जपानी मोटारींना घंटा असे. शंभरच्या जरा पुढे गेलं की किन्-कॉन्, किन्-कॉन्. छोट्या केई गाड्यांना त्याहून आधीच. इलेक्ट्रॉनिक आवाज नव्हे, दारावरच्या घंटेसारखा खरा धातूचा मंजुळ नाद. शंभरच्या वर राहाल तोवर तो चालू, म्हणजे लांबच्या प्रवासात तासन्‌तास. माणसं दचकायच्या ऐवजी पेंगायला लागतील नाहीतर काय? १९८६ मध्ये सक्ती उठली. आता तिथले हौशी लोक जुन्या गाड्यांत ती घंटा मुद्दाम शोधून बसवतात, कारण तिच्याशिवाय तारुण्य आठवत नाही म्हणे. घंटा गेली तरी १८० चं कुलूप राहिलं, आणि त्यातही जपान्यांनी कमाल केली. २००७ च्या निसान जीटी-आरपासून गाडी उपग्रहाला विचारते, ‘मी कुठं आहे?’ उत्तर मान्यताप्राप्त शर्यतीच्या मैदानाचं आलं तर कुलूप उघडू देते, हमरस्त्याचं आलं तर नाही. टोयोटाच्या जीआर यारिसनं, म्हणजे तीन सिलिंडरच्या त्या उनाड हॅचबॅकनंही पुढे हीच वाट धरली. लेखकमहाशयांना ही कल्पना बेहद्द आवडली. कुलूप काढायचं तर असं, जागा बघून. आपल्याकडे हे बसवलं तर उपग्रह चांदणी चौकावर येऊन गोंधळेल, हा भाग वेगळा.

आपली पीं पीं १ जुलै २०१९ पासूनच्या गाड्यांत आली: ८० नंतर अधूनमधून, १२० नंतर अखंड. ती काढून देणारे पुण्यात आहेत. लेखकमहाशयांनी चौकशी केली होती. घरातून परवानगी मिळाली नाही.

जर्मनीला जाताना मुंबई विमानतळापर्यंत टॅक्सी केली होती. पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला ८० चा गव्हर्नर कायद्यानं लागतो, आणि ही टॅक्सी द्रुतगती मार्गावर शंभरनं निवांत चालली होती. विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, ‘काका, तो पासिंगपुरता असतो.’ आरटीओची तपासणी झाली की वायर निघते, पुढच्या पासिंगला पुन्हा लागते. लेखकमहाशय तेव्हा ‘शिस्तच नाही’ म्हणून चुकचुकले. २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली आणि त्यातल्या दहापैकी सात जणांमागे सरकारी अहवालानं अतिवेग हे कारण दिलं, हे आकडेही त्यांनी त्याला ऐकवले. तो ऐकून म्हणाला, ‘खरंय काका.’ आणि थोड्या वेळानं, ‘पण दुसरी फेरी झाली नाही तर त्या दिवशीचं डिझेल आणि हप्ता निघतो फक्त.’

त्याचा हिशोब लेखकमहाशयांनी श्टुटगार्टला बसून कागदावर मांडला. द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. घाट आणि कोंडी बाजूला ठेवली, तर ८० नं एकाहत्तर मिनिटं, १०० नं सत्तावन्न. चौदा मिनिटं एका खेपेला. तेच वीस किलोमीटर. इकडे चौदा मिनिटं आणि एका घराचं पोट, तिकडे पावणेदोन मिनिटं आणि एक स्पॉइलर. म्हणून वायर काढणं बरोबर ठरत नाही. खोपोलीच्या उतारावर मरणारा माणूस कुणाचा हिशोब विचारत नाही. पण एकाला दंड आणि उपदेश, दुसऱ्याला रंगीत माहितीपत्रक, हे त्या कागदाकडे बघताना त्यांना फार झोंबलं. विशेषतः उपदेश देणारा आणि माहितीपत्रक चाळणारा माणूस एकच असल्यामुळे.

त्या रात्री जेवताना त्यांनी पॅकेजचा विषय सवयीनं पुन्हा काढला. भाचेसून आमटी वाढता वाढता म्हणाली, ‘मामा, त्याला घ्यायचंच होतं हो ते. पण मग म्हणाला, त्याऐवजी मामा-मामींची तिकिटं काढू.’ भाचा ताटात बघत राहिला. लेखकमहाशयांनी आमटी आणखी घेतली. आपण स्वतःच ते वीस किलोमीटर आहोत, तेही इकॉनॉमी क्लासचे, हे पचायला वेळ लागतो.

गाडी आजही जशी कारखान्यातून आली तशीच आहे. कागदावर ‘टी’च्या रकान्यात २५०. थंडी सुरू होताच भाच्यानं हिवाळी टायर चढवले. त्यांच्यावर ‘व्ही’ हे अक्षर आहे, म्हणजे टायर २४० पर्यंतच, आणि टायरची कुवत गाडीपेक्षा कमी असेल तर तो आकडा ड्रायव्हरच्या नजरेसमोर चिकटवावा असा तिथला नियम आहे. तेव्हा कोथरूडच्या कट्ट्यावर कुणी तुम्हाला २७० सांगितले, तर ते मानू नका. स्टिकरवर २४० लिहिलं आहे.