वहिनी उभ्या राहिल्या हो!

अहो, कळलं का? आमच्या वहिनी उभ्या राहिल्यात! कुठे, म्हणून काय विचारता? निवडणुकीला! येत्या 7 मे 2026 ला लंडनच्या सगळ्याच्या सगळ्या 32 बरोंच्या, म्हणजे शहराच्या स्थानिक विभागांच्या, कौन्सिल निवडणुका आहेत, आणि आमच्या ओळखीपाळखीत ज्याला त्याला उमेदवारीची लागण झाली आहे. पूर्वी इथल्या मराठी घरांत अमक्याने कोणत्या भागात घर घेतलं आणि तमक्याचा मुलगा ग्रामर स्कूलला लागला का, एवढेच विषय असत. आता पहिला प्रश्न एकच: ‘तुमच्या वॉर्डातून कोण?’

मला बातमी लागली ती चैत्रातल्या हळदीकुंकवात. गौर सजलेली, आंब्याच्या डाळीच्या वाट्या भरलेल्या, पन्ह्याचे ग्लास फिरताहेत. आणि मधोमध एक गोरे गृहस्थ, बूट दाराशी काढून, मोज्यांवर उभे. हळदीकुंकवाला पुरुष! चौकशी केली तर म्हणे, हे वहिनींचे निवडणूक एजंट. वहिनींनी पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढला मात्र, या गृहस्थांचा चेहरा उतरला. डाळीच्या वाटीकडे बोट दाखवून त्यांनी हळूच विचारलं, हे सगळ्यांना फुकट आहे का? आता हळदीकुंकवाला कोणी तिकीट लावतं का? पण इथल्या 1983 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात मत मिळवण्याच्या हेतूने कोणाला खाऊपिऊ घालणं हा चक्क गुन्हा आहे. जिंकलेली निवडणूकसुद्धा त्यापायी रद्द होऊ शकते. पत्रकं मुकाट्याने पिशवीत परत गेली. ओटीत भिजवलेले हरभरे तेवढे पडले. डाळ मात्र एजंटसाहेबांनी दोन वाट्या खाल्ली. त्यांना मतासाठी कोणी फितवत नव्हतं ना!

बरं, वहिनी एकट्या असत्या तर म्हटलं असतं, हौस आहे बाईला. पण मराठी शाळेतल्या एका मास्तरांनी अर्ज भरलाय, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी भरलाय, आणि एका घरात तर नवरा लाल पक्षाकडून नि बायको पिवळ्याकडून. त्या घरात सध्या जेवताना फक्त हवामानावर बोलतात म्हणे.

आणि या वेडाला आवर घालावा, तर नियम इतके सोपे की विचारू नका. वय 18 पूर्ण हवं, त्या बरोशी राहण्याचा किंवा नोकरीधंद्याचा संबंध हवा, आणि त्या बरोच्या कौन्सिलमध्येच नोकरी नको. अर्जावर वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या पुरतात. अनामत रक्कम? शून्य. खासदारकीला 500 पौंड ठेवावे लागतात, इथे तेही नाहीत. त्याहून कहर म्हणजे ब्रिटिश पासपोर्टसुद्धा लागत नाही! राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक असाल आणि इथे कायम राहण्याचा परवाना असेल, तर आपला निळा भारतीय पासपोर्ट घेऊन खुशाल उभे राहा. मत द्यायला तर एवढंही नको. काल विमानातून उतरलेला विद्यार्थीसुद्धा व्हिसावर नाव नोंदवून मत देऊ शकतो, आणि मतदान केंद्रावर ओळख म्हणून तोच भारतीय पासपोर्ट चालतो. तिकडे भारतात याच पासपोर्टावर मत द्यायचं, तर विमानाचं तिकीट काढून आपल्या केंद्रावर जातीने हजर व्हावं लागतं. इकडे कोपऱ्यावरच्या शाळेत चालत जायचं.

मला वाटलं, पैसा असणार. आपण काय नगरसेवक पाहिले नाहीत? पांढरी गाडी, पांढरे बूट, चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक. म्हणून आमच्या ह्यांना हिशेब मांडायला लावला. कौन्सिलरला पगार नसतो, भत्ता असतो. लंडनमध्ये साधारण दहा ते पंधरा हजार पौंडांच्या दरम्यान, वर्षाला, तोही करपात्र. एवढ्यात इथे खोलीचं भाडं भागवता भागवता नाकी नऊ येतात. प्रचाराला तर अशी काटछाट, की आपल्याकडचा एखादा कार्यकर्ता ऐकून राजीनामा देईल: उमेदवाराची खर्चमर्यादा 960 पौंड, अधिक दर मतदारामागे 8 पेन्स. दहा हजार मतदारांचा वॉर्ड धरला, तर सगळे मिळून 1,760 पौंड. एवढ्यात आपल्याकडे ढोलताशाही येत नाही. वडापाव वाटावेत, तर वर सांगितलेला कायदा!

आणि ज्या संस्थेत शिरायला ही धडपड, तिची दशा काय? क्रॉयडन बरोने नोव्हेंबर 2020 मध्ये हात वर केले. स्लाव बरोने, जिथे आपली मंडळी आता चांगली रुळली आहेत, जुलै 2021 मध्ये. मग सप्टेंबर 2023 मध्ये बर्मिंगहॅमने. आपल्यासारखं दिवाळं कायद्याने कौन्सिलचं निघत नाही. तिचा मुख्य वित्त अधिकारी कलम 114 ची नोटीस काढतो आणि कायद्याने बांधलेली कामं सोडून नवा खर्च बंद होतो. बर्मिंगहॅमला त्यात 2025 मध्ये कचरा कामगारांचा संप झाला, रस्त्यांवर काळ्या पिशव्यांचे ढीग लागले, उंदरांची चंगळ झाली. एरवीही कौन्सिलच्या पैशाचा मोठा वाटा वृद्धांच्या आणि मुलांच्या देखभालीत जातो, आणि लोकांना दिसतो तो फक्त खड्डा. म्हणजे बुडीत दुकानाच्या गल्ल्यावर बसायला रांग लावावी, तसला प्रकार!

मग हे लोक उभे राहतात तरी कशासाठी? मी आडून आडून विचारलं, उघडउघड विचारलं, काहींच्या बायकांना विचारलं. लोकसेवा, समाजाचं ऋण वगैरे पत्रकावर असतंच. खरं कारण मात्र प्रत्येकाचं हातभर अंतरावरचं निघालं. मास्तरांच्या रस्त्यावर 2020 नंतर लाकडी कुंड्या आडव्या ठेवून गाड्या बंद केल्या. पाच मिनिटांच्या शाळेला ते आता वळसा घालून जातात. त्याच कुंड्यांच्या पलीकडे राहणाऱ्या एका बाई अगदी उलट, त्या कुंड्या हलू नयेत म्हणून उभ्या आहेत. डॉक्टरीणबाईंना शेजाऱ्याने माळ्यावर चढवलेली खोली खुपते. एका काकांना लायब्ररीचे तास कमी केल्याचा राग आहे. पेपर वाचायला जायचं कुठे, आणि घरात बसायचं तरी किती?

आणि वहिनी? बिन! हिरवा, निळा, तपकिरी असे तीन बिन, प्रत्येकाचा वार वेगळा. शेजारच्या बरोत रंगांचे अर्थच निराळे. एकदा त्यांचा बिन उचलायचा राहिला. तक्रार केली, क्रमांक मिळाला. पुन्हा केली, नवा क्रमांक मिळाला. बाईंनी सगळे क्रमांक तारखांसह वहीत उतरवले आणि वही घेऊन त्या वॉर्डाच्या कौन्सिलरला भेटायला लायब्ररीत गेल्या. इथे शनिवारी सकाळी कौन्सिलर असे भेटायला बसतात. तिथे गाऱ्हाणं मांडता मांडता मागच्या दोघांची गाऱ्हाणीही यांनीच मांडली, कारण त्यांना म्हणे नीट सांगता येत नव्हतं. कोपऱ्यात दुसऱ्या पक्षाचा एक माणूस पुस्तक वाचल्याचं सोंग करत बसला होता. बाहेर पडताना त्याने गाठलंच: ‘तुम्ही उभ्या राहायचा विचार केलाय का कधी?’

झालं! इथले पक्ष उमेदवारांसाठी असे दबा धरून बसलेले असतात. 32 बरोंत मिळून 1,817 जागा. एवढी माणसं आणायची कुठून? एकेका वॉर्डात दोन-तीन जागा असतात, आणि निवडून यायची सुतराम शक्यता नाही तिथेही मतपत्रिकेवर पक्षाचं नाव दिसायला माणूस लागतो. ‘फक्त नाव द्या, काही करावं लागणार नाही,’ असं म्हणून त्याला घोड्यावर बसवतात. अशांना कागदी उमेदवार म्हणतात. आणि मग कधी तरी वाऱ्याची दिशा फिरते आणि हा कागदी माणूस खरोखरच निवडून येतो. त्याच्या घरच्यांचे चेहरे कोणी पाहिलेत?

प्रचार बघाल तर थक्क व्हाल. सभा नाही, भोंगा नाही, मिरवणूक नाही. छातीवर पक्षाच्या रंगाच्या फितीचं फूल आणि हातात पत्रकं. इथली दारावरची टपालाची फट म्हणजे हाडवैरीण: काही पार खाली जमिनीलगत, काहींना आतून ताठ ब्रश, काहींची झडप बोटांवर फटकन बसणारी आणि तिच्यामागे कुत्रा. म्हणून अनुभवी लोक पत्रक ढकलायला लाकडी पट्टी बाळगतात. वहिनी पिठलं ढवळायचा कालथा घेऊन निघाल्या! मी डोळ्यांनी पाहिलं: रिमझिम पाऊस, रेनकोटावर फूल, डाव्या बगलेत गठ्ठा, आणि उजव्या हातातल्या कालथ्याला पत्रक गुंडाळून बाई दारं भरताहेत. आतून भुंकणं, कालथा बाहेर, पुढचं घर. सुनेला म्हणे नवा कालथा आणायला सांगितलाय.

पत्रकावरचे फोटो तर काय वर्णावे! उमेदवार खड्ड्याशी उभा, खड्ड्याकडे बोट, चेहरा गंभीर. कचऱ्याच्या ढिगाशी उभा, ढिगाकडे बोट, चेहरा आणखी गंभीर. खाली रंगीत खांबांचा आलेख: ‘इथे लढत फक्त आमच्यात आणि त्यांच्यात!’ खांबांची उंची आणि मतांचे आकडे यांची कधी भेट झालेली नसते. या कलेत लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा हातखंडा, असं बाकीचे पक्ष सांगतात आणि तसलेच आलेख छापतात.

तुम्ही म्हणाल, आजकालच्या लोकांना उद्योग नाहीत. पण हे वेड जुनं आहे हो, आणि भल्याभल्यांना लागलेलं. जॉर्ज बर्नार्ड शॉ! नाटकं लिहिता लिहिता 1897 पासून सहा वर्षं हा माणूस सेंट पँक्रसच्या स्थानिक कारभारात बसला. आधी तिथली व्हेस्ट्री, म्हणजे जुनी स्थानिक सभा, मग 1900 पासून बरो कौन्सिल. आणि भांडला कशासाठी? कॅम्डनमध्ये बायकांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृह असावं म्हणून! सभ्य गृहस्थांच्या अंगावर काटा आला. हा विषय चारचौघांत काढायचा म्हणजे काय? जागेवर एक लाकडी नमुना उभारला, तर रहदारीला अडथळा होतो हे दाखवायला गाडीवाल्यांनी त्यावर मुद्दाम गाड्या घातल्या. त्याच सेंट पँक्रसमध्ये 1934 ते 1947 आपले व्ही. के. कृष्ण मेनन कौन्सिलर होते. पुढे संयुक्त राष्ट्रांत तासन्‌तास बोलणारा हा माणूस तेव्हा वाचनालयांच्या समितीवर पुस्तकांच्या फिरत्या गाड्यांसाठी झगडत होता. बरोने 1955 मध्ये त्यांना मानाचं नागरिकत्व दिलं. त्याआधी तो मान मिळाला होता शॉला. म्हणजे स्वच्छतागृह आणि लायब्ररी. तिथेही कारण हातभरच!

निवडून आल्यावर काय होतं, तेही ऐका. संध्याकाळच्या बैठका, शेकडो पानांचे अहवाल, आणि मंडईत भाजी घेताना मागून खांद्यावर थाप: ‘कौन्सिलर, आमच्या झाडाचं काय झालं?’ डिसेंबर 2020 मध्ये चेशरमधल्या हँडफर्थ या चिमुकल्या पॅरिश कौन्सिलची झूमवरची बैठक तर इतकी भडकली, की जॅकी वीव्हर या बाईंनी अध्यक्षांनाच बैठकीबाहेर काढलं, आणि दोन महिन्यांनी ती चित्रफीत जगभर गाजली. आणि मतं समसमान पडली, तर? नशीब! नॉर्थंबरलंडमध्ये 2017 साली साउथ ब्लाइथच्या जागेसाठी फेरमोजणी करूनही बरोबरी सुटेना, तेव्हा उमेदवारांनी काड्या ओढल्या. आखूड काडी आली ती हुजूर पक्षाच्या वाट्याला, आणि एका काडीने त्यांचं त्या कौन्सिलमधलं बहुमत हुकलं.

हे सगळं मी वहिनींना ऐकवलं. म्हटलं, या वयात कशाला हा उपद्व्याप? त्यांनी कालथा धुऊन जागेवर टांगला आणि मुलुंडच्या धाकट्या भावाची गोष्ट काढली. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 ला संपली आणि पुढचं मतदान झालं थेट 15 जानेवारी 2026 ला. पावणेचार वर्षांहून जास्त काळ प्रशासक, नगरसेवक एकही नाही. भावाच्या गल्लीत गटार तुंबलं, तर तो रोज लंडनला फोन करून बहिणीवर ओरडायचा. ‘मी का म्हणून ऐकून घ्यायचं?’ वहिनी म्हणाल्या. ‘तर त्याला तिथे ओरडायला माणूसच नव्हता. इथे ओरडायला माणूस आहे, पण तो हो हो म्हणून विसरतो. म्हटलं, मग मीच होते तो माणूस.’

आता यावर काय बोलणार? बाईंनी स्वतःहून शिव्या खायची नोकरी मागितली आहे, आणि तीही अर्ज करून, दोन सह्यांनिशी. मी मत कोणाला देणार ते विचारू नका, मतदान गुप्त असतं. पण आमच्या कोपऱ्यावरचा दिवा बरेच दिवस बंद आहे, ते मी वहिनींच्या वहीत तारखेसह लिहून आलेय. 8 मे ला सकाळी पहिला फोन त्यांना. पडल्या असतील, तर त्यांना पाडणाऱ्याला.