राउटर एक, संशयित सहा

ऑनलाइन खेळात एका माणसाने दोन किंवा अधिक खाती चालवणे, याला खेळाडू ‘मल्टी’ म्हणतात. मल्टी असणे हा गुन्हा आहे आणि मल्टी नसताना मल्टी ठरणे हा योग आहे. गुन्ह्यासाठी कष्ट पडतात. योगासाठी घरात एक भाऊ पुरतो.

या योगाच्या अभ्यासाला ब्राउझरमध्ये खेळायचे रणनीतीचे खेळ सर्वांत सोयीचे. हा उद्योग मुख्यतः जर्मनीत वाढला. कार्ल्सरूहच्या गेमफोर्जचा ओगेम २००२ चा, हॅम्बुर्गच्या इनोगेम्सचा ट्रायबल वॉर्स २००३ चा आणि म्युनिकचा ट्रॅव्हियन २००४ चा. मूळ ट्रॅव्हियनमध्ये रोमन, गॉल किंवा ट्यूटन यांपैकी एक जमात निवडायची, लाकूड, माती, लोखंड आणि धान्य साठवायचे, गाव वाढवायचे आणि शेजाऱ्याचे गाव लुटायचे. खेळ खऱ्या घड्याळावर चालतो. सैन्य निघाले की पोहोचायला तास लागतात, त्यामुळे पहाटे तीनचा गजर लावून उठणारी माणसे या खेळाने तयार केली. अभ्यासासाठी कधी न उठलेली मुले त्यात बरीच होती.

नियम सोपा आहे: एका सर्व्हरवर एका माणसाचे एकच खाते. उलट एकाच खात्यावर दोन-तीन माणसांनी पाळीपाळीने खेळायला ट्रॅव्हियनची हरकत नाही. अशा भागीदारांना ‘ड्युअल’ म्हणतात. गावाला जाताना आपले खाते दुसऱ्या खेळाडूकडे सांभाळायला देता येते, त्याला ‘सिटर’ म्हणतात. थोडक्यात, दोन जीवांनी एका देहात राहावे, परकायाप्रवेशही करावा, फक्त एका जीवाने दोन देह धारण करू नयेत. आपल्याकडे हे तिन्ही प्रकार योग्यांना मोकळे होते.

नियमामागचे कारण रास्त आहे, त्यावर वाद नाही. एकाच माणसाने दहा गावे वसवून नऊ गावांचे धान्य दहाव्यात ओतले, तर शेजारचा सरळमार्गी खेळाडू पहिल्या काही आठवड्यांतच संपतो. या ओतण्याला ‘पुशिंग’ म्हणतात आणि ओगेमच्या नियमांत त्याला वेगळी बंदी आहे: खालच्या क्रमांकाच्या खात्याने वरच्याला मोबदल्याशिवाय माल द्यायचा नाही. आइसलंडच्या सीसीपी गेम्सने मात्र ईव्ह ऑनलाइनमध्ये हा पेच वेगळ्या मार्गाने सोडवला. तिथे एका माणसाला हवी तितकी खाती चालतात, कारण एकाच वेळी चालवायची असतील तर प्रत्येक खात्याचे पैसे पडतात. कंपनीने मधूनमधून दुसऱ्या खात्यावर सवलतही दिली. १ जानेवारी २०१५ पासून एकच कळ दाबून सगळ्या खात्यांना एकदम हुकूम सोडण्यावर तेवढी बंदी आली. पाप आणि योजना यांत फरक पावतीचा असतो, ही गोष्ट खेळांच्या बाहेरही अनेकांना ठाऊक आहे.

फुकट खेळांत पावती नसल्याने पोलीस लागतात. ट्रॅव्हियनमध्ये या पोलिसाला ‘मल्टिहंटर’ असे पद आहे आणि खेळाच्या नकाशावर त्याचे स्वतःचे गाव ०|० या बिंदूवर, म्हणजे विश्वाच्या मधोमध, वसवलेले असे. एवढ्या मोक्याच्या जागेवरून त्याला दिसते काय, तर आयपी पत्ता.

आयपी पत्ता म्हणजे शिधापत्रिका: नंबर एक, माणसे घरात असतील तितकी. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. जगात माणसे त्याहून पुष्कळ जास्त आणि अनेकांकडे एकाहून अधिक उपकरणे. एका पत्त्यामागे अनेक संगणक दडवण्याची युक्ती १९९४ पासून लेखी आहे. घरातला राउटर तेच करतो. फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या सामायिक साठ्यातले पत्ते संपले आणि दोनच महिन्यांत आशिया-पॅसिफिक विभागालाही टंचाई जाहीर करावी लागली. मग इंटरनेट कंपन्यांनी घरातली युक्ती वस्तीला लावली. आता एका पत्त्यामागे एक घर नसते, आळी असते, कधी तालुका असतो. त्यातही पत्ता कायमचा नसतो. काल ज्या पत्त्यावरून चिंचवडचा एक कॉलेजकुमार बॅन झाला, तोच पत्ता आज निगडीच्या निवृत्त शिक्षकांच्या वाट्याला येऊ शकतो आणि त्यांच्या गॉल जमातीच्या पहिल्याच गावावर पूर्वजन्मीचे कर्म चिकटते.

पत्त्याला माणूस समजण्याची कमाल २००६ संपून २००७ लागताना इंग्रजी विकिपीडियावर झाली. उपद्रव होतो म्हणून एक आयपी पत्ता अडवण्यात आला. कतार देशातली जवळजवळ सगळी इंटरनेट वाहतूक त्या एकाच पत्त्यातून बाहेर पडत होती. काही तासांनी बंदी उठली. कतारच्या लोकसंख्येने मिळून एक खाते चालवले, असे कोणी अधिकृतपणे म्हटले नाही, एवढाच दिलासा.

पत्ता अपुरा पडतो हे कळल्यावर ब्राउझरचा ठसा आला. पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, भाषा, वेळेचा पट्टा, ब्राउझरची आवृत्ती असे तपशील एकत्र केले की उपकरण ओळखता येते. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरचे ठसे पाहिले, त्यांतले ८३.६ टक्के एकमेव निघाले. उरलेल्यांना जुळे होते. संगणक एकगठ्ठा खरेदी होतात, सगळ्यांवर एकच सॉफ्टवेअर एकाच दिवशी चढवले जाते आणि शेवटचे अपडेटही एकाच वर्षी थांबते, अशा इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये ही जुळी हमखास जन्मतात. लॅबमधल्या तीस विद्यार्थ्यांनी तासाच्या वेळेत गावे लुटली, तर यंत्राच्या दृष्टीने एक अत्यंत मेहनती मनुष्य तीस हातांनी खेळत असतो. त्याची हजेरीही पूर्ण भरलेली असते.

पण या शास्त्राचा मुकुटमणी म्हणजे वर्तनाचा पुरावा. दोन खाती एकाच वेळी चालू असतील, तर एकच माणूस दोन खिडक्या उघडून बसला आहे. कधीच एकाच वेळी चालू नसतील, तर माणूस एकच आहे हे उघड आहे. एक बंद झाल्यावर पाच मिनिटांनी दुसरे उघडत असेल, तर चौकशीची गरजच उरत नाही. घरात संगणक एकच आहे आणि थोरला उठल्याशिवाय धाकट्याला खुर्ची मिळत नाही, ही शक्यता संशयाच्या तक्त्यात बसत नाही. धाकट्याने थोरल्याला धान्य पाठवले तर ते पुशिंग. थोरल्याने धाकट्याला पाठवले तर राखीव खाते पोसण्याचा डाव. दोघांनी एकमेकांना काहीच पाठवले नाही तर ती सावधगिरी, आणि इतकी सावधगिरी निष्पाप माणसे बाळगत नाहीत. धाकट्याने थोरल्याचे गाव लुटले तर लूट हा माल पोहोचवण्याचाच मार्ग आहे. लुटीत दोन्हीकडचे सैन्य मेले तर नाटक चांगले वठले. दोघे एका अलायन्समध्ये, म्हणजे खेळाडूंच्या गटात, असतील तर संगनमत, वेगवेगळ्या अलायन्समध्ये असतील तर हेरगिरी. एकाने खेळ सोडला तर पुरावा नष्ट केला.

मराठी घराला यातला धान्याचा भाग विशेष जड जातो. ट्रॅव्हियनमध्ये गावाचे धान्य संपले की सैन्य उपाशी मरू लागते. शेजारच्या खोलीत थोरल्याची कोठारे भरून वाहत आहेत आणि इकडे धाकट्याचे घोडेस्वार एकेक करून भुकेने कोसळत आहेत, हे आजीच्या कानावर गेले तर ती कोणाची बाजू घेईल, हे म्युनिकमध्ये बसून समजणे कठीण. भारतीय आयकर कायदा या बाबतीत अधिक समजूतदार आहे. हिंदू अविभक्त कुटुंब ही त्याच्या लेखी स्वतंत्र ‘व्यक्ती’ असते आणि तिला स्वतंत्र पॅन मिळतो. म्हणजे घरातला कर्ता एका पॅनवर स्वतः असतो, दुसऱ्यावर अख्खे कुटुंब असतो आणि दोन्हीकडे सही त्याचीच चालते. स्वतःच्याच नावावर दोन पॅन बाळगले तर मात्र दहा हजार रुपये दंड आहे. मल्टीची इतकी बारीक व्याख्या अजून कोणत्याही खेळाला जमलेली नाही.

नवरा-बायको, वसतिगृहातले खोलीभाऊ आणि जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या नेटवर खेळणारे सहकारी यांची कुंडली भावांसारखीच असते, फक्त नवरा-बायकोंच्या बाबतीत एकमेकांवर झालेले हल्ले अस्सल असल्याचे यंत्राला पटवणे आणखी अवघड जाते.

आता खरा मल्टी. त्याच्यावर संशय क्वचितच येतो, कारण तो घरच्या माणसांसारखा निष्काळजी नसतो. एक खाते घरच्या वायफायवर, दुसरे मोबाइलच्या डेटावर, तिसरे व्हीपीएनमधून नेदरलँड्सला राहते. प्रत्येकाचा ब्राउझर निराळा, पासवर्ड निराळा, झोपेची वेळ निराळी. एक खाते दिवाळीच्या शुभेच्छा देते, दुसरे नाताळच्या. माल सरळ पाठवण्याऐवजी तो बाजारात फिरवून आणतो. त्याच्या तीन व्यक्तींमध्ये जेवढा वेगळेपणा असतो, तेवढा सख्ख्या भावंडांत क्वचित सापडतो. नियमावली पाठ असलेला अलायन्समधला एकमेव खेळाडू बहुधा तोच असतो आणि इतरांविरुद्ध रिपोर्ट मारण्यातही तो पुढे असतो. एकटा राहणारा, कोणाशी नेट वाटून न घेणारा, आखीव माणूस या व्यवस्थेत स्वच्छ ठरतो. ज्यांच्याकडे सहा माणसांत एक राउटर आहे, ते मळके. याला कोणी मुद्दाम केलेला अन्याय म्हणणार नाही, पण पकडायला सोपा तो गुन्हेगार ही पद्धत पोलीस खात्यात जुनीच आहे.

रिपोर्ट येतात कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. गाव लुटले गेले की पहिल्या तासात माणूस लढाईचा अहवाल वाचतो, दुसऱ्या तासात लुटणाऱ्याचे प्रोफाइल वाचतो आणि तिसऱ्यात त्याला साक्षात्कार होतो की हल्लेखोर आणि त्याचा पूर्वेकडचा शेजारी दोघेही प्रश्नचिन्हापूर्वी एक जागा सोडतात. पराभव स्वतःच्या चुकीने झाला हे मान्य करण्यापेक्षा, समोर एक नव्हे तर चार खात्यांचा राक्षस होता, हे मान्य करणे कमी वेदनादायक असते. युद्धाच्या काळात अलायन्सचे पुढारी रिपोर्ट मारण्याचे हे काम संघटितपणे करतात. शंभर भाल्यांनी जो सेनापती पडत नाही, तो एका चांगल्या रिपोर्टने आठवडाभर आडवा होतो.

बॅनची सूचना त्रोटक असते. आरोपीने मल्टिहंटरला लिहायचे. मल्टिहंटर कळवतो की नोंदींवरून बहुखाते सिद्ध होते. कोणत्या नोंदींवरून, हे सांगितले तर लबाड शहाणे होतील, म्हणून सांगता येत नाही. हे कारण खरेही आहे. त्यामुळे आरोपीला ठाऊक नसलेल्या पुराव्याविरुद्ध बचाव करावा लागतो. तो दोघा भावांचा एकत्र फोटो पाठवतो. त्यावरून माणसे दोन आहेत हे सिद्ध होते, खेळाडू दोन आहेत हे होत नाही. तो ओळखपत्रे पाठवतो. त्यांवर आडनाव एक, पत्ता एक, वडिलांचे नावही एक. आरोप अधिक पक्का होतो. तो रागाने लिहितो, तर अपराधी माणूस चिडतो. शांतपणे लिहितो, तर सराईत दिसतो. धाकट्याने स्वतंत्र अर्ज करावा, तर दोन्ही अर्जांत शुद्धलेखनाच्या त्याच चुका निघतात, कारण दोघांना मराठी माध्यमात इंग्रजी शिकवणारे सर एकच होते.

दुरून माणसे मोजता येत नाहीत, ही गोष्ट संगणकशास्त्राने कधीच मान्य केली आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधून २००२ मध्ये ‘सिबिल अटॅक’ हा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की, ओळख पटवून देणारी एखादी मध्यवर्ती यंत्रणा नसेल, तर जाळ्यातल्या दोन ओळखी दोन निरनिराळ्या घटकांच्या आहेत की एकाच्याच, याची खात्री व्यवहारात देता येत नाही. खेळांना नाव नोंदवताना फक्त ईमेल पुरतो आणि ईमेल हवे तितके काढता येतात. तरीही निकाल लागायचा थांबत नाही, कारण निकाल लावायला मल्टिहंटर नेमलेला असतो.

अपील सुरू असताना खेळ चालूच राहतो आणि बॅन असलेल्या खात्याचा मालक आपल्या गावात काहीच करू शकत नाही. ट्रॅव्हियनची एक फेरी कित्येक महिने चालते. एखाद्या अलायन्सने ‘जगातले आश्चर्य’ ही इमारत शंभराव्या पातळीपर्यंत बांधली की फेरी संपते आणि पुढची फेरी सगळ्यांना शून्यातून सुरू करावी लागते. म्हणून बॅन आधीच टाळलेला बरा. एकाच घरातून दोघांना खेळायचे असेल, तर ओगेममध्ये ते आधी कळवावे आणि आपसात ताफे पाठवू नयेत. ट्रायबल वॉर्समध्ये सामायिक जोडणी जाहीर करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती वापरावी. ट्रॅव्हियनमध्ये भावाच्या खात्यात स्वतःच्या ब्राउझरवरून कधीही शिरू नये, त्यासाठी सिटर आहे. दोघांना ते जमत नसेल, तर एकच खाते काढून ड्युअल व्हावे. गावासाठी भांडण होईल, बॅन होणार नाही.