सात दिवस यांस अनावृत पत्र

मा. सात दिवस,
मु. पो. विनियम ७, राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, दिल्ली.

स. न. वि. वि.

मोफत वकिलासाठी अर्ज आला की फार तर सात दिवसांत निर्णय व्हावा, असं नियमात आहे. ते सात दिवस आपणच. आपलं घराणं थोर. आजोबा अनुच्छेद ३९-क, १९७६ साली संविधानात आले. वडील १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा. त्यांना अंमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. म्हणजे उशीर रक्तातलाच.

आम्ही मनमाडकर. वाट बघण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. इथे गाडी बदलायची म्हणून थांबायचं, नळाला पाणी येईल म्हणून थांबायचं. पण गाडीला किती उशीर आहे ते फलकावर तरी लागतं.

आमच्या गल्लीतल्या मावशी पोटगीसाठी अर्ज घेऊन गेल्या. कार्यालयाचं नाव घेत नाही. पहिल्या खेपेला साहेब कायदेविषयक जनजागृती शिबिराला गेलेले. दुसऱ्या खेपेला उत्पन्नाचा दाखला मागितला. आपल्या वडिलांच्याच कलम १२ प्रमाणे बाईमाणसाला उत्पन्नाची अटच नाही, पण मावशींना कसं कळणार? शिबिर दुसऱ्या गावाला होतं. मग दाखल्यासाठी सेतू केंद्र, सेतूत सर्व्हर डाऊन. तिसऱ्या खेपेला झेरॉक्स पुसट. तिन्ही वेळा अर्ज परत हातात. आवकचा शिक्का नाही म्हणजे अर्ज आलेलाच नाही, आणि अर्जच आला नाही तर आपण सुरू कसे व्हाल? आपली अब्रू शाबूत.

चौथ्यांदा शिक्का बसला आणि, खोटं कशाला बोलू, सहाव्या दिवशी मंजुरी आली. पण मंजुरी आली म्हणजे वकील आला असं नाही, हे नंतर समजलं. नेमलेल्या वकीलसाहेबांचा फोन लागत नाही. त्यांना तरी काय बोलावं, त्यांचं बिलही कुठल्या तरी टेबलावर शिक्क्याची वाट बघत असेल. मोफतपायी मावशींची कांद्याच्या खळ्यावरची चार दिवसांची मजुरी बुडाली, ती वेगळी.

आपल्याला धाकटे भाऊ असल्यास एकाला शिक्क्याच्या अलीकडे आणि एकाला मंजुरीच्या पलीकडे नेमावं, ही विनंती.

आपला,
एक प्रतीक्षार्थी

ता. क. मावशी उद्या पाचव्या खेपेला निघाल्यात. नळाला पाणीही उद्याच आहे. हंडे भरायला कोणी थांबायचं, तेवढं उलट टपाली कळवावं.