कोण म्हणतं उलटं बांधलं?

आमच्या आणि आक्कांच्या घरामध्ये मेंदीचं कुंपण आहे. ते कमरेएवढं ठेवायचं, हा गेल्या तीस वर्षांचा न लिहिलेला करार. मेंदी त्याहून वर गेली तर बोलता येत नाही आणि खाली छाटली तर शेळ्या शिरतात. भांडगावात बातमी पोचवायला मोबाइल लागत नाही, मेंदी पुरते.

परवा मुंबईहून परत आलो. पिशव्या अजून ओट्यावरच होत्या, तोवर आक्का सूप घेऊन कुंपणाशी हजर. सुपात तुरीच्या शेंगा होत्या, पण त्या नावाला.

"आलीस का गं मास्तरीण? ताजमहालात राहून आलीस म्हनं."

"आग्र्याच्या नव्हे आक्का, मुंबईच्या."

"ते कळतंय मला. आग्र्याच्या ताजमहालात राहायचं तर आधी मरावं लागतं."

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून लेकीनं ही भेट दिली होती. पुण्याला तिच्याकडं मुक्काम, सकाळी डेक्कन क्वीन आणि मुंबईत ताजमध्ये एक रात्र. "एकच रात?" आक्कांना ते पटलं नाही. "आमच्या पोरी माहेरपणाला आल्या तर आठ दिस हालत न्हाईत."

"माहेरी भाडं नसतं आक्का."

झालं. भाड्याचा विषय मीच काढून दिला. आक्कांनी शेंग सोलायची थांबवली. "किती पडलं?"

खरं सांगायचं तर आम्हालाही ठाऊक नाही. यांनी बिल बघायला मागितलं तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, माझ्या सहलीचे पैसे भरताना तुम्ही मला कधी पावती दाखवली होती का?" पण हे आक्कांना सांगून भागणार नव्हतं. उसात बोलावं लागतं. म्हटलं, "धरा, आठ-दहा टन."

आक्का गप्प. हायवेवरून उसाचा ट्रॅक्टर टेप लावून चालला होता, त्याच्याकडं त्यांनी एकदा बघितलं. "धा टन ऊस. लावायचा, दीड वरीस पानी पाजायचं, तोडायचा, भरायचा... आन् येका रातीत झोपून संपवायचा."

"१९०३ साली उघडलं तेव्हा पंखा आणि न्हाणीघर असलेली खोली दिवसाला तेरा रुपयांना होती."

"मग तवाच जायचं की!"

"तेव्हा तेरा रुपये कुणाकडं होते आक्का?"

हे त्यांना पटलं. सोललेले दाणे सुपात पुन्हा पडू लागले.

मग गादी. गादी मऊ होती आणि उशा सहा होत्या. "मानसं दोन आन् उशा सा?" हो. यांनी दोन खुर्चीवर ठेवल्या, दोन कपाटात कोंबल्या. संध्याकाळी गेटवेवर चक्कर मारून आलो तर सहाच्या सहा पुन्हा पलंगावर ओळीनं मांडलेल्या. आक्का म्हणाल्या, "म्हंजी सासूसारखं हाय. आपुन आवरायचं, तिनं पुन्यांदा आवरायचं."

समुद्राकडं तोंड करून बसायची एक जागा आहे, सी लाउंज. तिथं चहाबरोबर भेळ मिळते हे मी सांगायला नको होतं. "मुंबईला जाऊन, ताजात बसून, भेळ खाल्ली?" आक्कांनी हाक मारून सुनेला बाहेर बोलावलं, तिलाही ते ऐकवलं आणि दोघी पोट धरून हसल्या. ही बातमी आता यवतपर्यंत गेली असणार.

मी विषय जिन्यावर नेला. जुन्या इमारतीत शिरलं की घुमटाखाली जो जिना वर जातो, त्याला खाली खांबच नाही. पायऱ्या एका बाजूनं भिंतीत रोवलेल्या आहेत आणि दुसऱ्या बाजूनं अधांतरी, भिंतीत ठोकलेली खुंटी असते तशा. हे जन्मभर गणित शिकवलेले. लिफ्ट सोडून तीन मजले पायी चढले, तेही प्रत्येक वळणावर खाली वाकून बघत. शेवटी हॉटेलातला एक पोरगा अदबीनं जवळ आला. "सर, काही हवंय का?"

"खांब हवाय," हे म्हणाले.

पोरगा हसला, आणि मराठीतच. इंदापूरकडचा निघाला. मग काय, त्याची पाळी संपल्यावर त्यानं आम्हाला सगळं हिंडवून दाखवलं.

"आगीत जळालं हुतं ते हेच ना गं?" आक्कांच्या सुनेनं विचारलं. तेव्हा ती नवी नवरी होती. लग्नातल्या टीव्हीवर तीन दिवस तो घुमट धुमसताना सगळ्या आळीनं बघितला होता.

हेच. २६ नोव्हेंबर २००८चा अतिरेकी हल्ला. ताजमध्ये गेलेल्या एकतीस जणांची नावं आता आत लावलेली आहेत. पाहुण्यांना मागच्या वाटेनं बाहेर काढताना मधे उभे राहिलेले वेटर आणि स्वयंपाकी त्यांत आहेत. तेव्हाचे मॅनेजर करमबीर कांग यांची बायको आणि दोन मुलं वरच्या मजल्यावर गेली, आणि तो माणूस खाली लोकांना बाहेर काढत राहिला. जुनी इमारत पुन्हा उघडली ती १५ ऑगस्ट २०१०ला.

"पोरं केवढाली हुती?" आक्कांनी विचारलं.

"लहान होती."

त्या काही बोलल्या नाहीत. दोन-तीन शेंगा सोलून झाल्या. मग सून आत गेली आणि आक्कांनीच विषय बदलला. "पर येवढं बांधायचं डोस्क्यात आलं कसं त्या टाटाच्या?"

याच्या दोन गोष्टी सांगतात. पहिली अशी, की वॉटसन नावाचं गोऱ्यांचं हॉटेल होतं, काळ्या घोड्याजवळ, लोखंडी सांगाड्याचं. तिथं जमशेटजींना आत घेतलं नाही, म्हणून रागानं त्यांनी हे उभारलं. जाणकार ही गोष्ट पक्की धरत नाहीत, पण लोकांना ती आवडते. आक्कांनी ती जागेवर निकालात काढली. "रागानं मानूस कुंपन घालतो, हाटेल न्हाई बांधत."

दुसरी गोष्ट प्लेगची. १८९६ साली मुंबईत गाठीचा ताप आला, माणसं शहर सोडून पळाली, बाहेरचा कुणी यायला धजेना. त्या पडत्या काळात जमशेटजींनी मनावर घेतलं, की या शहराला शोभेल असं काहीतरी उभं करायचं. मग म्हातारपणी ते स्वतः युरोप हिंडले, सामान निवडून आणलं. मुंबईत विजेचे दिवे लागलेलं पहिलं हॉटेल ते हेच. आणि घरी? पोलादाचा कारखाना काढायचा, विज्ञानाची संस्था काढायची, असं काय काय मनात असलेला भाऊ आता हॉटेल बांधतोय म्हटल्यावर बहीण वैतागली. एवढं सगळं सोडून आता भटारखाना उघडणार का, असं तिनं तोंडावर विचारलं म्हणतात.

आक्कांचा चेहरा उजळला. "बहीन ती बहीनच. टाटाची असू दे न्हाईतर आपली."

१६ डिसेंबर १९०३ला हॉटेल उघडलं तेव्हा मोजून सतरा पाहुणे होते, असं सांगतात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात जमशेटजी गेले. पहिल्या महायुद्धात त्याच हॉटेलाचा सहाशे खाटांचा दवाखाना झाला.

"पर बांधलं कुनी?"

"टाटांनी. सांगितलं ना."

"टाटानं पैकं दिलं गं. बांधलं कुनी?"

मी पस्तीस वर्षं वर्गात प्रश्न विचारले, पण असा नेमका प्रश्न मला सुचला नव्हता. आराखडा केला रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्यांनी, त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा. वैद्य म्हणजे आपलेच. व्हीटी स्टेशन बांधलं स्टीव्हन्स साहेबानं, आणि त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव असिस्टंट इंजिनिअर होते. म्हणजे डेक्कन क्वीनमधून उतरलो ते त्यांचा हात लागलेल्या इमारतीत, आणि झोपायला गेलो तेही त्यांनीच आखलेल्या घरात. बांधकाम चालू असतानाच ते वारले. पुढं चेंबर्स नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ते पुरं केलं. खांब नसलेला जिना कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजींचा.

आणि गंमत अशी, की इंदापूरच्या त्या पोराला पाहुणे ही नावं कधीच विचारत नाहीत. विचारतात दोनच गोष्टी. इमारत उलटी बांधली गेली हे खरं का? आणि ते बघून गोऱ्या आर्किटेक्टनं वरून उडी मारली हे खरं का?

"मारली का?"

"नाही मारली. कुणीच नाही मारली. ती लोणकढी आहे."

"बगा. खरंच मेला त्येचं नाव कुनाला ठावं न्हाई, आन् मेलाच न्हाई त्येची उडी समद्या गावाला पाठ."

"पण उलटी हाय म्हंत्यात ते?" आत गेलेली सून पुन्हा दारात आली होती.

तेही खोटं. इमारतीचे दोन हात शहराच्या बाजूला पसरलेले आहेत आणि समुद्राकडं पाठ आहे, हे बघणाऱ्याला दिसतं. पण १९०३ साली पाहुणा शहराच्या बाजूनं घोडागाडीतून यायचा. दोन हातांच्या मधे बाग होती, गाडी तिथं यायची, दार तिथं होतं. समोर बोटीचा धक्का होता, गेटवे नव्हताच. गेटवे ऑफ इंडिया पुरा झाला १९२४ साली, हॉटेलानंतर एकवीस वर्षांनी. समुद्राकडचा भाग भरून काढला, रस्ता झाला, माणसं तिकडून यायला लागली, मग दारही तिकडं नेलं. जुन्या बागेच्या जागी आता पोहायचा तलाव आहे.

"म्हणजे घर उलटं नव्हतं आक्का. रस्ता बदलला."

आक्कांनी सूप खाली ठेवलं. तीस वर्षांत गप्पा चालू असताना सूप खाली ठेवलेलं मी पहिल्यांदा बघितलं. त्या वळल्या आणि स्वतःच्या घराकडं बघत राहिल्या.

ज्यांनी आक्कांचं घर बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पुणे-सोलापूर हायवेवरून जाताना आमच्या आळीत सगळ्या घरांची तोंडं रस्त्याकडं आहेत, एक आक्कांचं सोडून. त्यांच्या घराची हायवेला पाठ. न्हाणीची मोरी, चुलीचं धुराडं, सरपणाची रास, हे सगळं ट्रकवाल्यांच्या समोर. आणि ओसरी, तुळस, कोरीव चौकट गावठाणाच्या बाजूला, जिथून आता कुणी येत नाही. गावात त्याला 'पाठमोरं घर' म्हणतात. कुणी म्हणतं वास्तुदोष. कुणी म्हणतं, आक्कांच्या सासऱ्यांचं रस्त्यावर कुणाशी तरी वाकडं होतं, म्हणून मुद्दाम पाठ केली. एका शहाण्यानं तर मला सांगितलं होतं, की गवंड्यानं नकाशा उलटा धरला. दिवाळीपासून नातवाच्या मागं एक ठेकेदार लागलाय: पुढचा भाग पाडा, घर फिरवून घ्या, हायवेला तीन गाळे काढा.

"मामंजींनी घर बांधलं तवा बैलगाडी गावातनं यायची," आक्का म्हणाल्या, स्वतःशी बोलल्यासारख्या. "हितं मागं रस्ता हुता, पर येकेरी, धुळीचा. तिकडनं कोन यायचं? पावनं समदं गावातनं. मी नवरी म्हनून आले ती त्याच दारातनं."

"मग चुकलं कुणाचं?"

"कुनाचंच न्हाई. रस्ता चौपदरी झाला, घर हाय तिथंच हाय." थोडं थांबून म्हणाल्या, "आन् गवंड्यानं नकाशा उलटा धरला म्हंत्यात. नकाशा हुता कुठं? काठीनं मातीत रेघा मारल्या आन् पाया खणला. त्येला लिवता येत नव्हतं, पर ओसरीला अजून भेग न्हाई."

"नाव काय होतं त्याचं?"

आक्कांनी नाव सांगितलं. गावात आता ते नाव एवढ्या एका बाईला माहीत आहे.

तेवढ्यात नातवाची मोटारसायकल दारात आली. आक्कांनी त्याला गाडीवरून उतरूही दिलं नाही.

"हिकडं ये. त्या ठेकेदाराला सांग, मागनं दार पाड, गाळं काढ, शटर लाव, माझं काय म्हननं न्हाई. पर पुढचं काय पाडायचं न्हाई. ताजमहालानं बी मागनंच दार काढलंय. इचार मास्तरणीला."

"कुठला ताजमहाल, आजी?"

"मुंबईचा! आन् आपल्या अंगनात हौद-बिद नको. तुळस हाय तिथंच राहील."

पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. मी मान डोलावली. मास्तरणीनं मान डोलावली की भांडगावात अजून तरी तो पुरावा धरतात.

गाळ्यांचं काम आता सुरू झालंय आणि ओसरी जागेवर आहे. पहिल्या गाळ्याच्या पाटीवर दुकानाच्या नावाखाली, बारीक अक्षरात का होईना, त्या गवंड्याचं नाव घालायचं आक्कांनी ठरवलंय. पेंटरनं विचारलं, हे मालक का? आक्का म्हणाल्या, "मालक न्हवं. बांधनारा."